ग्रंथीनं मारलं

माझ्या थोरल्या मुलीचा डावा हात कोपरात पूर्ण सरळ होत नाही. कोणी विचारलं, की आमच्या घरात एक उत्तर ठरलेलं होतं. "हिच्या आईला थायरॉइडचा आजार होता ना, त्या भरात झालं." मुलगी स्वतः तेच सांगायची. मी तर तिच्याही आधी सांगायचे. समोरची बाई चुकचुकायची, माझ्या गळ्याकडे बघायची आणि विषय संपायचा. मुलगी माझ्यावर जीव टाकायची तो या वाक्याच्या भरवशावर. वाक्य खोटं होतं. हे तिला एक दिवस कळेल आणि मग ती माझं तोंड बघणार नाही, या धास्तीत मी दहा वर्षं काढली.

मी मुळातच तापट. धुळ्याला आमच्या गल्लीत नळावर भांडण झालं, की आई आधी मला घरात ओढायची आणि मग चौकशी करायची, की सुरुवात कोणी केली. अकरावीपर्यंत शिकले आणि पाचोऱ्याजवळच्या एका गावात दिली मला. नवऱ्याचं विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. हात कसबी, डोकं मात्र बिघडलेलं. भाजीत मीठ जास्त झालं, मार. माहेरचं पत्र आलं, मार. एकदा तर मी हसले म्हणून मार. दुकानातला मोटारीचा जुना रबरी पट्टा त्यानं खास घरी आणून खुंटीला टांगला होता. त्याचे वळ निळे पडायचे नाहीत, काळे पडायचे. सासू जात्यापाशी बसून ऐकायची. मी ओरडले तर म्हणायची, "हळू वरड, लोके ऐकतस."

आणि मी, नळावर चार-चार बायांना पुरून उरणारी, मार खायचे. का खायचे ते अजून मला नीट सांगता येत नाही. लाज वाटते सांगायला. लग्न झाल्यावर माझी जीभच गेली होती.

मुलगी पाच वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल असेल. उन्हाळा संपला तरी माझा उन्हाळा संपेना. सगळे पांघरूण घेऊन बसायचे आणि मी पदरानं वारा घेत अंगणात. भूक अशी, की सहा-सहा भाकरी खाऊन पुन्हा टोपल्यात हात, आणि अंग मात्र वाळत चाललेलं. बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या. छातीत सारखं धडधड. हात थरथरायचे, इतके, की दिव्यात तेल ओतताना अर्धं खाली. डोळे पुढे आले. आरशात बघितलं तर मीच दचकले. राग तर विचारू नका. ताटली आपटली तरी तळपायाची आग मस्तकात. सासूला मी पहिल्यांदा उलट बोलले ते त्याच महिन्यात, आणि असं बोलले, की शेजारची अक्का हातातलं सूप तसंच धरून कुंपणापाशी येऊन उभी राहिली.

मग एका सकाळी चहा सांडला. हात थरथरला आणि कपभर चहा नवऱ्याच्या धुतलेल्या धोतरावर. तो उठला, खुंटीकडे गेला. पट्टा त्यानं काढला एवढं मी बघितलं. पुढचं मला तुटक आठवतं. पट्टा माझ्या हातात होता. नवरा ओट्यावरून खाली पडला होता आणि मी त्याच्या पाठीवर, मांड्यांवर, तोंडावर मारत होते. त्याचा ओठ फाटला. तो "अगं, अगं" म्हणत होता. मी मोजत नव्हते, थांबतही नव्हते. हात थरथरत होते, पण पट्टा बरोबर बसत होता. आणि खरं सांगते, मला बरं वाटत होतं. लग्नानंतर पहिल्यांदा पोटभर बरं वाटलं.

चौघांनी धरून मला खांबाला बांधलं. बायको नवऱ्याला मारते म्हणजे तिला काहीतरी झालंय, यावर गावाचं एकमत झालं. नवरा रोज मारत होता तेव्हा त्याला काय झालंय हे कोणी विचारलं नव्हतं. सासू म्हणाली, "हिले बाहेरनं लागनं शे." भगत आला. निखाऱ्यावर लाल मिरच्या टाकून त्यानं टोपली माझ्या तोंडाखाली धरली आणि डोक्यावरून गोधडी टाकली. घसा सोलून निघाला. तो विचारत होता, "बोल, कोन शे तू?" मी माझं नाव सांगत होते, आणि प्रत्येक वेळी कडुलिंबाचा फोक पाठीवर बसत होता. माझं नाव त्याला चालत नव्हतं. मुलगी दारात उभी राहून बघत होती. तिला कोणी आत नेलं नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी श्रावणात आमच्याकडे कानबाई बसली. खानदेशात राहिलेल्याला कानबाई सांगायला नको. इतरांना एवढंच सांगते, की नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ, डोळे, साडी लावून देवी मांडतात आणि घरातल्या पुरुषांमागे सव्वा-सव्वा मूठ गहू मोजून रोटाचं दळण करतात. पोरी त्या मुठीत धरत नाहीत. सोमवारी सकाळी देवीला डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर न्यायचं. त्या सोमवारी देवी माझ्या जावेच्या डोक्यावर होती. मला लांब ठेवलं होतं, दोन बाया दोन बाजूंना. डफ वाजायला लागला, लोकांची गर्दी, वरून ऊन, आणि माझी छाती डफाच्याही पुढे धावायला लागली. सगळं अंग कापायला लागलं. केस सुटले. घामानं लुगडं पाठीला चिकटलं. डोळे तर आधीच बाहेर आलेले.

सासूनं माझ्याकडे बघितलं आणि तिथंच चिखलात लोटांगण घातलं. "माय ऊनी! कानबाई माय ऊनी! बठ्ठा पाया पडा!" ऊनी म्हणजे आली, माझ्या अंगात.

पंधरा दिवसांपूर्वी जिच्या तोंडाखाली मिरच्या जाळल्या होत्या तिच्या पायांवर आता पाणी पडत होतं, कपाळावर कुंकवाचा मळवट. एकजण लेकाची नोकरी विचारतेय, एकजण म्हशीचं. नवरा पुढे आला आणि वाकला. सुजका ओठ अजून उतरला नव्हता. त्याला बघितलं आणि मी सासूच्याच बोलीत ओरडले, "तो पट्टा नदीम्हा सोडी दे!" तो पळत घरी गेला, पट्टा आणला आणि शंभर माणसांसमोर नदीत सोडला. वर कान धरले.

मला कळत होतं का? हो, कळत होतं. अंग माझ्या ताब्यात नव्हतं, ते खरंच कापत होतं. पण जीभ माझ्या ताब्यात होती. अंगात देवी नव्हती, हे त्या गर्दीत एकट्या मलाच ठाऊक होतं. आणि मुलीला वाटलं, की आई कानबाई झाली. ती माझ्याकडे असं बघत होती, जसं तिनं मला आधी कधी बघितलं नव्हतं.

राखीला धुळ्याहून भाऊ आला. माझा थोरला भाऊ, एसटीत कंडक्टर. त्यानं राखी बांधून घेतली, माझा थरथरता हात हातात धरून ठेवला आणि सासूला म्हणाला, "हिला मी जळगावला दाखवून आणतो." सासू भडकली. "मायले कोनी गोळ्या देतस का?" भावानं पिशवी उचलली आणि मला व मुलीला घेऊन निघाला.

जळगावच्या डॉक्टरांनी माझे दोन्ही हात पुढे करायला लावले आणि बोटांवर एक कागद ठेवला. कागद फडफडायला लागला. पाण्याचा घोट घ्यायला लावून गळा बघितला, बोटांनी चाचपला. म्हणाले, "इथं एक ग्रंथी असते ताई. फुलपाखराएवढी. शरीराचा वेग ती ठरवते. तुमची जास्त काम करतेय. म्हणून घाम, भूक, धडधड, डोळे आणि हा संताप." रक्त मुंबईला पाठवलं. मी पुष्कळ विचारलं, ते सांगत गेले. मेंदूच्या खाली हरभऱ्याएवढी एक ग्रंथी, ती बाकीच्यांना हुकूम सोडते. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन, माणूस चिडला किंवा घाबरला की त्या रक्तात असं काही सोडतात, की अंगात बळ येतं, मारायचं तरी नाही तर पळायचं तरी. मी विचारलं, "डॉक्टर, माझा नवरा मला लग्नापासून मारतो. त्याची कोणती ग्रंथी बिघडलीय?"

डॉक्टर हसले. मग मी हसत नाहीये हे बघून चिठ्ठी लिहायला लागले.

गोळ्या लागू पडल्या. दोन-तीन महिन्यांत थरथर गेली, अंग भरलं, झोप लागायला लागली. डोळे थोडे आत गेले. घरात मात्र माझी किंमत उतरली. देवी म्हणून पाया पडलेल्या बाया आता लांबून जायच्या, फसवल्यासारखं तोंड करून. दिवाळीनंतर पुन्हा रक्त तपासलं, नवरा बरोबर होता. डॉक्टर त्याला म्हणाले, "आता सगळं नॉर्मल आहे. गोळ्या चालू ठेवा." नवऱ्यानं मान डोलावली. घरी आलो, मी चूल पेटवत होते. तो मागून आला. "नॉर्मल झाली ना आता?" म्हणाला आणि पेकाटात लाथ घातली. ओठाचा हिशेब त्यानं इतके दिवस राखून ठेवला होता. त्या हिवाळ्यात मी जेवढा मार खाल्ला तेवढा आधीच्या सगळ्या वर्षांत मिळून खाल्ला नव्हता. आणि गंमत बघा, माझा हात वर उठेना. मी उठवायचे मनातल्या मनात. उठायचा नाही. मला वाटलं, जे काही बळ होतं ते त्या गाठीचंच होतं, मी आपली रिकामी.

आता तो दिवस सांगते.

सकाळी नवऱ्यानं मला दुकानातल्या पान्यानं मारलं होतं. बरगडीवर. श्वास घेतला की कळ यायची. दुपारी मी नदीवर न जाता अंगणातच दगडावर कपडे धूत बसले. हातात धोपटणं होतं, लाकडी, बाभळीचं. घरात कोणी नव्हतं. मुलगी शेजारी येऊन बसली, साबणाच्या फेसाशी खेळत. मग हळूच माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "आई, तू परत कानबाई व्हय ना. मंग तुले कोनी मारत नही."

एवढंच म्हणाली.

मी धोपटणं तिच्या हातावर घातलं. एकदा नाही. पहिल्या फटक्याला ती ओरडली, दुसऱ्याला हाड वाजलं, ते मला ऐकू आलं, आणि त्यानंतरही मी एक मारला. हात थरथरत नव्हता. छाती धडधडत नव्हती. सगळं अगदी शांत होतं, ऊन पडलं होतं, दोरीवर कपडे होते. नवऱ्यावर हात उठेना आणि पाच वर्षांच्या पोरीवर तीनदा उठला. का? तर तिनं मला बघितलं होतं. मी काय झाले होते आणि आता काय झालेय, ते सगळं तिनं बघितलं होतं आणि तोंडावर बोलून दाखवलं होतं. एवढंच कारण. दुसरं काही नाही.

कोपर उलट्या बाजूला वळलं होतं. तिला उचलून पळत सुटले. वाटेत अक्का भेटली, तिनं विचारलं काय झालं, आणि माझ्या तोंडून निघालं, "माझं डोकं फिरलं अक्का, गाठ परत चढली." काही विचार करावा लागला नाही. वाक्य जिभेवर तयारच होतं.

पाचोऱ्याला प्लास्टर घातलं. हाड वाकडं जुळलं. आठवडाभरात भाऊ मला परत जळगावला घेऊन गेला, पुन्हा रक्त मुंबईला. रिपोर्ट आला त्या दिवशी भाऊ खाली रिक्षावाल्याशी बोलत होता, मी एकटी आत गेले. डॉक्टर म्हणाले, "ताई, रिपोर्ट तर एकदम चांगला आहे. ग्रंथीचा काही दोष नाही." माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी कागद पुढे सरकवला. मी कागद घेतला, खाली आले आणि भावाला सांगितलं, "चढलीय परत." परतीच्या एसटीत खिडकीपाशी बसून त्या कागदाचे तुकडे केले आणि एकेक बाहेर सोडला.

या खोट्याचा मला फायदाच झाला, हेही सांगून टाकते. ग्रंथी परत चढली म्हटल्यावर नवऱ्याची पाचावर धारण बसली. पट्ट्यानं सोललेली पाठ तो विसरला नव्हता. त्यानं हात आवरला. दोन वर्षांनी डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या, तर मी त्याच डबीत कॅल्शियमच्या गोळ्या भरून ठेवल्या आणि रोज सकाळी सगळ्यांसमोर एक गिळत राहिले. धाकटी मुलगी झाली. घरात मार थांबला. लोक म्हणायचे, आजारानं का होईना, घर सुधारलं. ते सुधारलं होतं माझ्या पोरीच्या कोपरावर.

आणि पोरगी? ती माझी राखण करायची. मी आवाज चढवला, की धाकटीला बाजूला न्यायची आणि समजवायची, "आईवर चिडू नको. ती नाही बोलत, तिची ग्रंथी बोलते." मला ते ऐकवायचं नाही. पण खोडून काढायची हिंमत कधी झाली नाही. पोरीचं प्रेमही जाईल आणि नवऱ्याचा धाकही. दोन्हीकडून मी मेले असते.

ती दहावीला होती. विज्ञानाच्या पुस्तकात ग्रंथींचा धडा होता, माणसाची आकृती आणि बाणांनी दाखवलेली नावं. पीयूषिका, अवटू म्हणजे माझी थायरॉइड, अधिवृक्क, स्वादुपिंड. ती मोठ्यानं पाठ करत होती. धाकटी, आठ वर्षांची, तिच्या वहीवर रेघोट्या ओढत होती. मी स्वयंपाकघरात. पितळी तांब्या आपटल्याचा आवाज आला आणि मागोमाग किंकाळी. धावत गेले तर धाकटीच्या भुवईवरून रक्त वाहत होतं, डोळ्यात, हनुवटीवर, फ्रॉकवर. थोरली तांब्या हातात धरून उभी. हळद दाबली, फडकं बांधलं. मग मी तिच्याकडे वळले.

ती घाबरलेली नव्हती. स्वतःचा गळा चाचपत होती. म्हणाली, "आई, मला पण झालंय बहुतेक. पुस्तकात लिहिलंय, आईकडून येऊ शकतं. मी नाही मारलं तिला. मला जळगावला दाखव."

इतकी वर्षं मी भ्यायले ते ही पोरगी मला सोडून जाईल म्हणून. इथं ती जात नव्हती, ती मी होत होती. गप्प बसले असते तरी चाललं असतं. रक्त तपासून आणलं असतं, काहीतरी सांगितलं असतं. पुढे लग्न झालं असतं तिचं, पोरं झाली असती आणि त्यांना तिच्या हातचा मार.

नवरा बाहेर ओट्यावर बसला होता. दार उघडं होतं. मी आवाज लहान केला नाही.

"तुझा हात मी मोडला," मी म्हटलं. "ग्रंथी तेव्हा बरी होती. रिपोर्ट चांगला होता, मी फाडून टाकला. डबीत गोळ्या आहेत त्या कॅल्शियमच्या आहेत. तू मला म्हणालीस, परत कानबाई हो, आणि मला राग आला. धोपटण्यानं तीनदा मारलं. दुसऱ्या फटक्याला हाड मोडलं हे कळलं होतं मला. तिसरा तरीही मारला."

गळ्यावरचा हात तिनं खाली घेतला. मला वाटलं, आता ओरडेल, तांब्या माझ्यावर फेकेल. फेकला असता तर मी हललेही नसते.

ती धाकटीपाशी गेली, खाली बसली. फडक्यातून लाल ओल वर येत होती, ती तिनं बघितली. धाकटी अंग चोरून भिंतीला टेकली.

"मी मारलं तुला," थोरली म्हणाली. "मीच मारलं."

जे म्हणायला मला दहा वर्षं लागली ते ती एका दमात म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू बाहेर जा आई. आम्हांला तुझी भीती वाटते."